राजांचा मंगळ

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी "अगंबाई, काय ही बोलणारी!" म्हणून हनुवटीला बोट लावायला नको. आमच्या घरात माझ्या तापटपणाचं कारण ठरलेलं होतं. मी दार आपटलं की आई म्हणायची, "मंगळ आहे बाई तिला, आठव्यातला." परीक्षेत पहिली आले तरी मंगळ, उलट उत्तर दिलं तरी मंगळ, दूध उतू गेलं आणि मी नुसती शेजारी उभी असले तरी मंगळच. पत्रिकेतलं आठवं घर मृत्यूचं, तिथे मंगळ बसला की म्हणे नवऱ्याला धोका. अजून नवऱ्याचा पत्ता नाही, आणि त्याच्या जिवाची काळजी मी दहा वर्षांची असल्यापासून घरात सुरू होती. आई त्यासाठी दर मंगळवारी उपास करायची. तिच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी मी आडवा हात मारून खायची, आणि आपल्याच दोषाची खिचडी खातोय याचं मला काडीचंही काही वाटायचं नाही.

ही पत्रिका झाली कशी, ते सांगायला हवं. माझा जन्म अमेरिकेतल्या वूस्टरच्या इस्पितळातला, जुलै महिन्यातला. बाबा तिथे डॉक्टर होते. त्यांनी त्याच दिवशी नागपूरला आजोबांना निळ्या घडीपत्रावर कळवलं: मुलगी, सात पौंड, सकाळी सहा चाळीस. आजोबांचे स्नेही जोशीबुवा यांनी त्या सहा चाळीसवरून कुंडली मांडली, लाल शाईने मंगळाभोवती गोल केला आणि आजीने तिथेच पदर डोळ्यांना लावला. मी दोन वर्षांची झाल्यावर बाबांनी मला नागपूरला आजी-आजोबांकडे ठेवलं, कारण आई तेव्हा इथे शिकत होती. चौथीनंतर मी परत आले. म्हणून माझं मराठी अजून असं धडधाकट आहे. आज इथली तरुण मुलं मला "काकू, यू स्पीक लाइक अ बुक" म्हणतात. पुस्तकासारखी कसली, मी बोलते नागपूरच्या विहिरीवरच्या बायकांसारखी, पण त्यांना काय सांगणार!

वूस्टरला लागूनच असलेल्या श्रूजबरीचं आमचं घर लाकडी, दोन मजली, तळघरात भट्टी. ती हिवाळ्यात सुरू झाली की कुणीतरी खाली जाऊन घसा खाकरतंय असं वाटायचं. उन्हाळ्यात खिडकीतला पंखा घरघरायचा, जाळीचं दार प्रत्येक येण्याजाण्याला किंचाळायचं, आणि सकाळी अकराला कुकरच्या तीन शिट्ट्या. त्या शिट्ट्या ऐकून सुरुवातीला पलीकडची म्हातारी घाबरून कुंपणाशी आली होती. ती म्हणजे मिसेस शेन, मूळची चीनमधली. आम्ही घरात तिला शेन काकू म्हणत असू. नवरा गेलेला, मुलगा कॅलिफोर्नियात, ती गावच्या वाचनालयात पुस्तकं लावण्याचं काम करून निवृत्त झालेली. तिने कुंपणावर दोडके आणि कारली चढवली होती. दोडके बघून आईला रडूच फुटलं, कारण त्या काळी वूस्टरच्या दुकानात दोडका कुठला मिळायला! मग दोडके इकडे आणि थालीपीठ तिकडे, असा व्यवहार सुरू झाला. दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या ठिकाणी मोडकं, पण स्वयंपाकाच्या बाबतीत घोडं कधी अडलं नाही.

शेन काकूकडे तिच्या वडिलांच्या दोन वह्या होत्या. वडील शाळामास्तर. त्यांनी जुन्या दरबारी आकाशनोंदी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलेल्या: अमुक राजाच्या अमुक वर्षी पूर्वेला केरसुणी दिसली, तमुक महिन्यात अनोळखी तारा पाहुणा म्हणून आला. केरसुणी म्हणजे आपलं शेंडेनक्षत्र, धूमकेतू. एका पानावर मोठं वर्तुळ होतं, त्याचे अठ्ठावीस तुकडे केलेले, आणि प्रत्येक तुकड्यात एका जुन्या राज्याचं नाव. कुठल्या तुकड्यात काही घडलं की ते त्या राज्याला लागू. ते वर्तुळ तिने आमच्या ओट्यावर पसरलं, तेव्हा आई कणीक मळत होती. अठ्ठावीस म्हटल्यावर तिने हात तसेच ठेवून मान वळवली. "अगं, अभिजित धरून अठ्ठावीस, ही तर नक्षत्रं!" शेन काकूने एका तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे हृदय, तीन तारे, मधला तांबडा. "ज्येष्ठा!" आई ओरडली. दोघी नंतर तासभर तारे जुळवत बसल्या. काही जमले, काही नाहीत, आणि कणीक सुकली ती सुकलीच.

मी तेव्हा वीसेक वर्षांची, कॉलेजातून सुट्टीत आलेली, सगळ्यावर हसायला टपलेली. मी म्हटलं, "मिसेस शेन, तुमच्या चिनी हिशोबाने मी वाघ वर्षाची आहे. तुमच्या रेस्टॉरंटमधल्या टेबलाच्या कागदावर वाचलंय." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुस्तक उलटं लावलंय. ती बोलायची इंग्रजीत, मी इथे मराठीत लिहिते. "ते वाघ, ससे सूप सांडायच्या कागदावर ठीक. हे वेगळं. हे दरबाराचं. आकाश काय तुझ्यामाझ्याशी बोलतं? त्याला वेळ आहे? आकाश राजाशी बोलतं. राज्य नीट चालत नसलं की केरसुणी काढतं, सूर्य झाकतं, मंगळाला नको तिथे थांबवतं. मग राजाने मोठा दरबार सोडायचा, साधं जेवायचं, गाणंबजावणं बंद करायचं, तुरुंगातली माणसं सोडायची, आणि काय चुकलं ते शोधायचं." मी विचारलं, "आणि मुलींचं काय? लग्नाच्या?" ती म्हणाली, "माझ्या आजीच्या गावातही लग्नाची वर्षं जुळवणारा एक म्हातारा होता. कोंबडीच्या बदल्यात काय वाट्टेल ते जुळवायचा. पण मंगळ? मंगळ युद्धाचा, दंगलींचा. तुझ्या लग्नात त्याचं काय काम?"

त्या वाक्याने माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. मी मुद्दाम खोडी काढली: मग अमेरिका कुठल्या तुकड्यात? शेन काकूने वर्तुळ फिरवलं, चष्मा पुसला. "वाटणी झाली तेव्हा हे गाव कुणाला माहीत होतं? सगळं आकाश वाटून संपलं. तुमच्या-आमच्या या देशाला काही उरलं नाही." मग इथल्या राजाला जाब कोण विचारणार, असं मी म्हटल्यावर ती फक्कन हसली. "तू विचार. आकाश नाही, मग माणसांनीच विचारायचं." आज माझ्या फोनवर रोज कुणीतरी देशाची कुंडली पाठवतं, कुठल्या ग्रहाने कुठला देश महासत्ता होणार त्याची. मी प्रत्येकाला तोच प्रश्न टाकते: यात राजाने काय सोडायचं ते लिहिलंय का?

आता शिरीष. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा, आणि चांगलाच. पुण्याचा, इंजिनियरिंग करून वूस्टरला पुढे शिकायला आलेला, दर रविवारी आमच्याकडे वरणभात खायला येणारा. तो भातावर तूप घेताना डोळे मिटायचा. मला हसवायचा, माझ्याशी भांडायचा, हरला की "यार, तू वकील हो" म्हणायचा. त्याला टेक्सासात, शुगर लँडजवळ, तेल कंपनीत नोकरी लागली आणि जायच्या आधी त्याने आमच्या जिन्यात मला विचारलं. मी हो म्हटलं. त्या आठवड्यात मी एकदाही दार आपटलं नाही. मग त्याची आई, कुमुदकाकू, पुण्याहून त्याच्याकडे राहायला आल्या आणि त्यांनी पत्रिका मागवली. पंधरा दिवसांनी फोन. बाबांनी घेतला, दोन-तीनदा "हं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई ऐकता ऐकता भिंतीला टेकली. एकुलता एक मुलगा आहे हो आमचा, एवढं वाक्य मला इकडे ऐकू आलं.

शिरीषने मला फोन केला तो त्यानंतर तीन दिवसांनी. तो म्हणाला, "आय डोंट बिलिव्ह इन ऑल धिस, यू नो दॅट. पण आईला बीपी आहे. थोडा टाइम दे, मी तिला कन्व्हिन्स करतो." मी वेळ दिला. वेळ देणं हा माझा स्वभाव नाही, पण दिला. महिन्याने कुमुदकाकूंकडून तोडगा आला: कुंभविवाह. म्हणजे मुलीचं आधी मातीच्या घटाशी लग्न लावायचं, मंगळाचा काय तो तडाखा घटाला बसतो, मग घट विसर्जित करून मुलगी मोकळी. त्यांच्या ओळखीतले गुरुजी फोनवरून मंत्र सांगायला तयार होते. बाबा म्हणाले, "आईच्या खात्यात मी पडत नाही," आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर मत असलेला हा माणूस मूग गिळून बसला, याचा राग मला अजून आहे, बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी. आईने रोपवाटिकेतून एक तांबडी कुंडी आणली. शनिवारी ती ओट्यावर ठेवून तिला हळदकुंकू लावायला घेतलं, तेव्हा कळलं की खाली भोक आहे. अमेरिकेत मातीचं भांडं मिळतं ते झाडाचं, आणि झाडाच्या कुंडीला भोक असतंच. आई त्या भोकाकडे बघत राहिली, मग तिने ते कणकेने बुजवलं. मी म्हटलं, "आई, माझा पहिला नवरा गळका आहे." ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला माझीच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, मी कुंडीची गोष्ट शेन काकूला सांगायला गेले. ती मागच्या पायऱ्यांवर दोडके सोलत होती. तो ऑगस्टचा शेवट. नैऋत्येला, झाडांच्या वर, दोन तांबडे ठिपके जवळजवळ दिसायला लागले होते: एक ज्येष्ठा, दुसरा मंगळ. तो सगळा उन्हाळा तिकडेच रेंगाळत होता. घटाला तडाखा देण्याची कल्पना ऐकून शेन काकू इतकी हसली की सोलायची सुरी तिच्या हातून पडली. मग गंभीर झाली आणि तिने वडिलांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. एका छोट्या राज्याच्या वाट्याला आकाशातलं हृदय आलं होतं. एकदा मंगळ तिथेच येऊन थांबला. म्हातारा राजा हादरला. दरबारी ज्योतिषी म्हणाला, महाराज, घाबरू नका, हे संकट प्रधानावर ढकलता येईल. राजा म्हणाला, त्याच्या जिवावर राज्य चालतं, त्याच्यावर नको. मग रयतेवर? रयत गेल्यावर मी राजा कुणाचा? मग पिकांवर? पिकं गेली की रयतच मरणार. नको, माझं आहे ते माझ्यावरच राहू दे. आणि म्हणे मंगळ आपण होऊन पुढे सरकला. "तुमची माणसं राजापेक्षा हुशार," ती म्हणाली, "त्यांनी कुंडी शोधली."

मी खाली पडलेली सुरी उचलून दिली. तिने सहज विचारलं, तुझी जन्मवेळ कुठली, आणि ती कुणी नोंदवली? नोंदींच्या बाबतीत ती फार काटेकोर. मी सांगितलं: जुलै, सकाळी सहा चाळीस, बाबांनी घड्याळात पाहून. दोडका तिच्या हातात तसाच राहिला. "जुलैत? मग ते सहा चाळीस नव्हे, पाच चाळीस. उन्हाळ्यात इथे घड्याळं तासभर पुढे असतात. तुमच्या नागपूरच्या माणसाला हे कोण सांगणार?" कुणीच सांगितलं नव्हतं. बाबांना सुचलं नाही, जोशीबुवांनी असलं काही ऐकलेलंच नव्हतं. सरकारने वीज वाचवायला काटे ढकलले आणि माझ्या वाट्याला आठवा मंगळ आला! मी तिथेच पायऱ्यांवर पोट धरून हसले, आणि हसता हसता घरी येऊन आईला सांगितलं. ती माझी चूक. राग येईपर्यंत थांबायला हवं होतं.

आईने नागपूरला ट्रंककॉल लावला. जोशीबुवा तोवर ऐंशीच्या घरात, पण बोटं शाबूत. त्यांनी दोन दिवसांत नवी मांडणी कळवली: पत्रिकेतलं लग्न, म्हणजे लग्नरास, बदललं, मंगळ आठव्यातून नवव्यात गेला, आणि नववं घर भाग्याचं. आईने देवापुढे साखर ठेवली. कुंडीतली कणीक खरवडून काढली, तिच्यात पुदिना लावला. मग शुगर लँडला फोन केला, आणि तिचा आवाज किती वर्षांनी असा मोकळा झालेला मी ऐकला. पुढच्याच शनिवारी कुमुदकाकू आणि शिरीष विमानाने आले. मी आईला एवढंच म्हटलं, "मला विचारलंस का?" ती म्हणाली, "तुला आवडतो ना तो? मग आता विचारायचं काय राहिलं?" तिचंही खोटं नव्हतं. आवडत होताच. सकाळपासून मी त्याच्या आवडीचा निळा ड्रेस तीनदा घातला आणि तीनदा काढला. शेवटी घातला.

कुमुदकाकू पुण्याच्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. त्यांनी नारळ आणि खण आणला होता, तो टीपॉयवर ठेवला. आईने केलेल्या बटाटेवड्यांचं कौतुक केलं. मग मला जवळ बसवून घेतलं, हनुवटी धरली आणि सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "चला, देवाची कृपा! मुलगी निर्दोष निघाली."

निर्दोष. साधा शब्द, पत्रिकेच्या भाषेत रोजचा. त्यांच्या मनात वाईट काही नसेलही. पण मला नागपूरच्या कोर्टाबाहेर हार घालून उभी असलेली माणसं आठवली, सुटून आलेली. मी हनुवटी सोडवून घेतली. "काकू, माझा गुन्हा कुठला होता?"

"अगं, तसं नाही गं..."

"मग कसं? घड्याळ चुकलं नसतं तर मी दोषी. चुकलं म्हणून सुटले. यात माझा काय संबंध?" मी शिरीषकडे वळले. तो गालिच्याकडे बघत होता. "तू सांग. आठव्यात मंगळ असता, तर आला असतास?"

"वसू, आता कशाला? प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय ना."

"माझा नाही झाला. आला असतास का?"

"आय वॉज ट्रायिंग. मी आईला समजावत होतो, तुला माहितीये."

"हो की नाही, शिरीष?"

त्याने मान वर केली. खोटं बोलला असता तर मी त्याला मनातल्या मनात माफ केलं असतं, इतका तो मला हवा होता. पण तो म्हणाला, "आय डोंट नो." तो प्रामाणिक होता, हे मान्य करते. तो प्रामाणिकपणा पचवायला मला पुढे दोन वर्षं लागली.

"मग नको," मी म्हटलं. "जिथे माझा खटला चालला, तिथे मला नांदायचं नाही. तुमचं राज्य वाचवायला मी प्रधान नाही, रयत नाही, पीक नाही आणि कुंडी तर नाहीच." हे कुणाला काही कळलं नाही. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, एवढं मात्र मला दिसलं.

कुमुदकाकूंचा गोडवा उतरला. त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, मंगळ नसताना ही जीभ! असता तर काय झालं असतं? आम्ही एवढं तिकीट काढून आलो, मोठ्या मनाने पदरात घेतो म्हणतोय, आणि ही उपकार मानायचे सोडून..." त्या थांबल्या. आता आई मला झापणार, याची त्यांना खात्री होती. मलाही होती. बारा वर्षं मंगळवार धरलेली बाई ती, आकाशातलं अक्षरन् अक्षर खरं मानणारी. माझ्या लग्नासाठी तिने त्या भोकाला कणीक लावली होती.

आई उठली. पदर खोचला, टीपॉयवरचा नारळ उचलला आणि कुमुदकाकूंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मंगळ आहे तिला," ती म्हणाली. "आठव्यातच आहे. तासबीस काही चुकला नव्हता, मी खोटं बोलले तुमच्याशी." आणि तिने तो नारळ कुमुदकाकूंच्या ओटीत ठेवला.